रूट कॅनालनंतर दाढ का फुटते?

मधुमेहाच्या तपासणीसाठी आलेल्या साठीच्या एक बाई परवा गालाला हात लावूनच बसल्या होत्या. फुटाणे खाताना खालची दाढ उभी चिरली होती. तिचे रूट कॅनाल दोन वर्षांपूर्वी झालेले. ‘दुखणं तर तवाच गेलं होतं जी, मंग दाढ काहून फुटली?’ त्यांनी विचारले. ‘टोपी बसवून घ्या’ असे तेव्हाच सांगितले गेले होते. पण ठणका थांबला, धानाची रोवणी सुरू झाली आणि टोपी राहून गेली. अखेर दाढ काढावी लागली.

दाताला बाहेरून इनॅमलचे कठीण कवच असते, त्याखाली डेंटिन आणि मधोमध नसा व रक्तवाहिन्यांचा मऊ गर. कीड गरापर्यंत गेली की संसर्ग होतो. रूट कॅनालमध्ये हा गर काढून मुळांतील नळ्या स्वच्छ करतात व भरून बंद करतात.

‘नस काढली की दात वाळतो आणि ठिसूळ होतो’ असा सर्वसाधारण समज आहे. मात्र १९९२ च्या एका अभ्यासात रूट कॅनाल झालेले दात आणि त्याच व्यक्तींच्या दुसऱ्या बाजूचे जिवंत दात तपासले, तेव्हा ठिसूळपणात म्हणण्यासारखा फरक आढळला नाही.

मग दात कमजोर का होतो? त्याचे उत्तर १९८९ च्या एका प्रयोगात मिळते. उपदाढांवरील या प्रयोगात रूट कॅनालमुळे दाताचा ताठरपणा सुमारे ५ टक्केच घटला. पण दोन्ही कडांपर्यंत पोहोचणारा मोठा खड्डा कोरला, तेव्हा तो ६३ टक्क्यांनी कमी झाला. म्हणजे खरे नुकसान नस गेल्याने होत नाही. कीड आणि कोरण्यात दाताच्या भिंती जातात, त्याने होते. छताला भोक पडले तरी घर उभे राहते. दोन भिंती गेल्या की उरलेल्या दोन फाकतात.

यात वयाची भर पडते. डेंटिनमध्ये अतिसूक्ष्म नलिका असतात. वाढत्या वयात त्या खनिजांनी भरत जातात. दात त्यामुळे कठीण होतो, पण तडा अडवण्याची त्याची क्षमता कमी होते. आतला गरही आकसतो, म्हणून वयस्कांना कीड उशिरा जाणवते. आपल्या भागात खर्रा आणि सुपारी वर्षानुवर्षे चघळणाऱ्यांचे दात झिजलेले, बारीक तडे गेलेले दिसतात. तोंडाच्या कर्करोगाचा धोका तर वेगळाच.

म्हणूनच दाढेचे काम टोपी बसल्यावरच पूर्ण होते. टोपी उरलेल्या भिंतींना बांगडीसारखी धरून ठेवते. २००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात टोपी न बसवलेले दात टोपी असलेल्यांपेक्षा सहा पट अधिक प्रमाणात गमावले गेले होते. पुढच्या दातांना मात्र, फारशी कीड नसेल तर, टोपी लागतेच असे नाही. ते दंतवैद्यांनाच विचारावे.

टोपी बसेपर्यंत त्या बाजूने फुटाणे, सुपारी, हाडे चावू नयेत. तात्पुरते सिमेंट निघाले तर लगेच दाखवावे. चावताना कळ येणे, हिरडीवर पुळी येणे, सूज येणे ही तडा किंवा संसर्गाची लक्षणे असू शकतात. रूट कॅनाल सुरू करण्यापूर्वीच टोपीसह एकूण खर्च विचारून घ्यावा. तो झेपत नसेल, तर नागपूरच्या शासकीय दंत महाविद्यालय व रुग्णालयात चौकशी करावी.

मी दंतवैद्य नाही. तरीही हे लिहिण्याचे कारण माझ्या ओपीडीत रोज दिसते. दाढा गेल्या की कोशिंबीर, मोड आलेली कडधान्ये, भाकरी सुटते आणि ताटात मऊ भातच उरतो. मधुमेह असलेल्या माणसाची साखर मग औषधांनाही दाद देत नाही. ठणका थांबला म्हणजे उपचार संपले, असे समजू नका. दंतवैद्यांनी दिलेली पुढची तारीख चुकवू नका.