असं का होतं? : कोड नीटनेटका करताना फाईल कोरी

धाराशिव किंवा तुळजापूरच्या कॉलेजात प्रोग्रॅमिंग शिकणारी मुलं कोडची मांडणी सुधारायला ‘फॉरमॅटर’ वापरतात. मध्येच वीज गेली किंवा फॉरमॅटर अडखळला, तर कधी कधी फाईल उघडल्यावर एकही ओळ दिसत नाही. असं का होतं?

फाईलवर नवा मजकूर लिहायचा असला की अनेक प्रोग्रॅम आधी जुना मजकूर पुसतात. टर्मिनलमध्ये ‘पेक्षा मोठे’ (>) या चिन्हाने निकाल त्याच फाईलकडे वळवला, तर फॉरमॅटर सुरू होण्याआधीच फाईल शून्य बाइटची होते. मग त्याला वाचायला उरतं काय? नवे पत्रे दारात येण्याआधीच जुने उतरवावेत आणि पाऊस यावा, तशी ही गत.

उपाय सोपा आहे. निकाल त्याच फोल्डरमधल्या तात्पुरत्या फाईलमध्ये लिहायचा. काम बिनचूक संपलं का आणि फाईल रिकामी तर नाही ना, हे तपासायचं. मजकूर डिस्कवर पोचल्यावरच तात्पुरत्या फाईलला मूळ नाव द्यायचं. नाव म्हणजे डिस्कवरच्या मजकुराकडे बोट दाखवणारी नोंद. लिनक्समध्ये ती एका झटक्यात बदलते. त्यामुळे हाती जुनी फाईल राहते किंवा नवी येते, अर्धवट नाही.

गो भाषेचा ‘gofmt’ हा फॉरमॅटर फाईल बदलण्याआधी तिची प्रत ठेवतो आणि लिहिताना चूक झाली तर मूळ फाईल परत आणतो. तरीही फॉरमॅटर चालवण्याआधी कोडमधले बदल जपणाऱ्या ‘गिट’मध्ये नोंद कराच. मेहनतीने लिहिलेला कोड एका आज्ञेच्या भरवशावर सोडू नये.