नीळ ढवळताना

सकाळी ६.३०. आश्रमातली पहाटेची प्रार्थना आटोपून बराच वेळ झालेला असतो, तेव्हा आमच्या रंगाच्या शेडमधली चूल पेटते. जानेवारीत सेवाग्रामात हौदातलं पाणी हाताला चावतं. मोठा गंज चढवतो, खलबत्ता काढतो. ५ किलो सूत मंजिष्ठेत लाल करायचंय. काल ते हिरड्यात भिजलं, आज ७५० ग्रॅम तुरटी.

७.००. तुरटीचा खडा तसाच टाकला तर तळाशी ठाण मांडून बसतो. पाणी त्याला वरवर चाटतं. कुटला की चाटायला जागा वाढते. कुटायचा कंटाळा आला तर आमच्या शेडमधल्या काकूंची युक्ती: खडे फडक्यात बांधायचे आणि पुरचुंडी काठाला टांगायची, जेमतेम बुडेल अशी. उन्हाची तिरीप पडली की दिसतं, पुरचुंडीतून तेलकट धागे वळवळत खाली उतरतात. तुरटीचं पाणी जड, ते तळाला जातं आणि खड्यापाशी कोरं पाणी येतं. ढवळायला माणूस लागत नाही. पाणी तापवलं की आणखी लवकर. एवढी तुरटी २० लिटर थंड पाण्यातही मावली असती. सरपण जळतं ते वेळ वाचवायला.

९.००. आता निळीच्या नांदेसाठी गूळ किसून गरम पाण्यात. पाच मिनिटांत काम फत्ते.

९.३०. चुना. पहिल्या वर्षी मी इथे फसलो होतो. सगळं गरम पाण्यात विरघळतं, मग चुनाही विरघळेल, असा हिशेब. चुन्याचा न्याय उलटा. लिटरभर साध्या पाण्यात तो दीड-पावणेदोन ग्रॅम विरघळतो, उकळत्या पाण्यात त्याच्या निम्म्याहून कमी. उरलेला तळाशी बसतो, आणि बसलेलाच बरा: वरचा खर्च झाला की खालचा थोडा थोडा उतरत राहतो.

१०.००. नीळ. पूड थेट पाण्यात टाकली तर बेसनासारख्या गुठळ्या होतात, बाहेर ओल्या, आत कोरड्या. म्हणून बाटलीत थोडं पाणी, गोटे आणि नीळ घालून खळखळवायचं. त्याने गुठळ्या मोडतात, पण नीळ विरघळत नाही. कुटा, तापवा, ढवळा, ती पाण्याला दाद देत नाही. गुळातली साखर चुन्याच्या संगतीने तिचं रूप पालटते, तेव्हा कुठे ती पाण्यात उतरते, आणि पाणी पिवळसर हिरवं होतं. नांद ऊबदार ठेवायची, काठी तळातून सावकाश फिरवायची. मी जरा जोर लावला.

"हळू ना बाप्पा! ताक घुसळून राह्यला काय?" काकू.

बरोबर होतं त्यांचं. हवा मिसळली की उतरलेली नीळ पुन्हा जशीच्या तशी.

२.००. परवा भरलेली नांद उघडली. वर तांब्याच्या रंगाची साय, निळा फेस. सुताची गुंडी बुडवून काढली तर हिरवट. मग हवेत कडेपासून निळी होत गेली. याच निळीपायी गांधीजी १९१७ साली चंपारणला गेले. तिथल्या शेतकऱ्याला दर वीस कठ्ठ्यांतल्या तीन कठ्ठ्यांत ती पेरावीच लागे. पुढे १९३६ साली ते ज्या गावात राहायला आले, तिथे आम्ही तिनेच हौसेने सूत रंगवतो. गंमतच आहे.

५.३०. गुंड्या दोरीवर. हात मनगटापर्यंत निळे. साबण झाला, गरम पाणी झालं, राख झाली. काकू म्हणाल्या, राहू दे. त्यांची नखं निळी नसलेली मी अजून पाहिलेली नाहीत.