रिमोटने पिकअप चालू होत नाही? डबा बदलण्याआधी हे तपासा, आणि ही एक वायर कधीच जोडू देऊ नका

भूम : पहाटे अंधारात खवा भरून निघायचं, बाहेर बालाघाटाची थंडी. अशा वेळी घरातूनच रिमोट दाबला आणि गाडी चालू झाली तर कुणाला नको आहे? म्हणून आता अॅक्सेसरीजच्या दुकानातून रिमोट स्टार्टचा डबा घेऊन पिकअपला बसवणारे दिसतात. आठ दिवस मजेत जातात. मग कधी चालू होते, कधी होत नाही, कधी चालू होऊन लगेच बंद पडते. वायरमनकडे नेली की तो म्हणतो, "भाऊ, ही वायर शॉर्ट करून देतो, परत कटकट नाही."

ती वायर कोणती, हे आधी समजून घ्या. बाकीचं नंतर.

हे डबे मुळात ऑटोमॅटिक गिअरच्या गाड्या डोळ्यापुढे ठेवून आले. तिथं गिअर 'पार्क' किंवा 'न्यूट्रल'मध्ये असल्याशिवाय सेल्फ फिरतच नाही. आपली पिकअप हाताच्या गिअरची. उतारावर लावली की आपण सवयीनं पहिल्या गिअरमध्ये ठेवून उतरतो. अशा गाडीला रिमोटने सेल्फ मारला तर गाडी उभ्या जागी चालू होत नाही, उडी मारून पुढे जाते. इंजिनानं पकड घेतली तर तशीच चालत राहते, आणि आत कुणी नसतं. पुढं अंगणात पोरं असतात, गोठ्यात जनावरं असतात.

म्हणून हाताच्या गिअरसाठी बनवलेल्या चांगल्या डब्यात वेगळी पद्धत असते. गाडी न्यूट्रल करायची, हँडब्रेक ओढायचा, इंजिन चालू असतानाच रिमोटचं बटण दाबून किल्ली काढायची. डबा इंजिन चालू ठेवतो. तुम्ही उतरून दार लावलं की तो स्वतः इंजिन बंद करतो. किल्ली नसतानाही इंजिन चालू राहिलं आणि माणूस उतरून गेला, म्हणजे गाडी न्यूट्रलमध्येच आहे अशी त्याची खात्री होते. त्यानंतर कुणी दार उघडलं तर ती खात्री मोडते, आणि सकाळी रिमोट कितीही दाबा, गाडी चालू होणार नाही.

निम्म्या तक्रारी इथंच संपाव्यात. रात्री तुम्ही गाडी नीट लावली, पण नंतर पोरगं मोबाईलचा चार्जर आणायला दार उघडून आलं. सकाळी चालू न होणं हा बिघाड नव्हे, डब्यानं आपलं काम केलं. वायरमन जी शॉर्ट करतो म्हणतो ती हँडब्रेकची किंवा दाराची वायर. हँडब्रेकची वायर कायमची अर्थला जोडली की डब्याला ब्रेक सदा ओढलेला वाटतो, आणि दाराची वायर तोडून टाकली की दार सदा बंद वाटतं. कटकट जाते हे खरं, पण गाडी गिअरमध्ये असतानाही चालू व्हायला मोकळी होते. असं करून दिलं असेल तर आधी ते काढून घ्या.

दार कुणीच उघडलं नव्हतं तरी चालू होत नसेल, तर दाराच्या चौकटीतलं आतला दिवा लावणारं बटण बघा. आपल्या धुळीत आणि पावसात ते गंजतं, अडकतं. दार लावूनही आतला दिवा मिणमिणत असेल तर दोष तिथंच आहे. बॉनेटखालीही असंच एक बटण असतं.

आता बॅटरी. रिमोटमधला बटण सेल आधी बदला, तो स्वस्त आहे. मग गाडीची बॅटरी मीटरने मोजा. रात्रभर उभ्या गाडीत १२.६ व्होल्टच्या आसपास आलं तर भरलेली, १२.२ म्हणजे निम्मी. सेल्फ फिरत असताना आकडा ९.५ च्या खाली गेला तर बॅटरी थकली आहे किंवा टर्मिनल ढिले आहेत. किल्लीनं कशीबशी चालू होणारी गाडी रिमोटनं होत नाही ती यामुळं, कारण कमी व्होल्टला डब्यातला रिले नुसता 'टक टक' करत बसतो.

अर्थिंग हा सगळ्यात मोठा चोर. डब्याची काळी वायर बऱ्याचदा डॅशबोर्डखालच्या कुठल्या तरी रंग लावलेल्या स्क्रूला गुंडाळलेली सापडते. मीटरचं एक टोक बॅटरीच्या निगेटिव्हला, दुसरं डब्याच्या काळ्या वायरला लावून सेल्फ मारा. अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त दिसलं तर अर्थ कच्चा. रंग खरवडून, उघड्या लोखंडावर बोल्टनं घट्ट करा. पिळून टेप मारलेले जोडही आपल्या रस्त्यांच्या खड्ड्यांत टिकत नाहीत, ते सोल्डर करून घ्या.

गाडी चालू होऊन दोन-तीन सेकंदांत बंद पडते? किल्लीत चिप असलेल्या गाडीत इमोबिलायझर असतो, त्याला किल्ली दिसली नाही की तो इंजिन तोडतो. त्यासाठी वेगळा जोड लागतो. काही जण दुसरी किल्लीच डॅशबोर्डखाली बांधून ठेवतात. मग चोराला अडवणारं काय उरलं?

इंजिन चालू झाल्यावरही सेल्फ 'खर्रर्र' वाजत राहिला तर रिमोट वापरणं त्याच दिवशी थांबवा. इंजिन चालू झालंय हे डब्याला कळत नाही, म्हणून तो सेल्फ सोडत नाही. इंजिनाच्या फेऱ्यांचा किंवा अल्टरनेटरचा सिग्नल त्याला दिलेला नसतो. पुढचा खर्च सेल्फच्या दात्यांचा असतो.

दुपारी लगेच चालू होते, पहाटेच त्रास देते, असं असेल तर हीटर प्लग आठवा. किल्ली फिरवल्यावर मीटरमधला गुंडाळीचा दिवा विझेपर्यंत आपण थांबतो. डबा थांबत नाही. त्याला त्या दिव्याची वायर द्यावी लागते किंवा सेटिंगमध्ये काही सेकंद वाढवावे लागतात.

चालू झाल्यावरही दोन गोष्टी आहेत. पत्र्याच्या बंद शेडमध्ये रिमोटनं गाडी कधीच चालू करू नका, धुरातल्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो आणि तो जीव घेतो. आणि रस्त्यावर, बाजारात हा प्रकार कायद्यातही बसत नाही. मोटार वाहन कायदा १९८८ चं कलम १२६ सांगतं की सार्वजनिक जागी उभ्या गाडीच्या सीटवर लायसन्सवाला माणूस नसेल, तर इंजिन बंद आणि ब्रेक लावलेला हवा. रिमोट स्टार्ट म्हणजे नेमकं याच्या उलट. तेव्हा ही सोय आपल्या अंगणापुरती, आपल्या शेतापुरती.

वायरमनकडे जाल तेव्हा कोणती वायर कुठं जोडली ते कागदावर लिहून घ्या आणि मोबाईलवर फोटो काढून ठेवा. नवी गाडी असेल तर मूळ वायरिंग कापण्याआधी वॉरंटीचं शोरूममध्ये विचारा. डबा बंद करायचं बटणही कुठं बसवलंय ते बघून ठेवा. गाडी गॅरेजला दिली की ते बंद करूनच द्या, कारण मिस्त्रीचा हात पंख्याच्या पट्ट्यात असतो आणि रिमोट तुमच्या खिशात.