पाऊस थांबला की मावा पडतो

इगतपुरीत चार महिने पाऊस नुसता पडत नाही, झोडपतो. सुमारे ६०० मीटर उंचीच्या या घाटमाथ्यावर वर्षाला ३००० मिलिमीटरहून अधिक पाऊस होतो. त्या माऱ्यात परसातल्या वेलांवर मावा टिकाव धरत नाही. दसरा-दिवाळीच्या सुमारास सरी थांबतात, सकाळी दव पडू लागतं, मांडवावरचा घेवडा फुलोऱ्यात येतो आणि एके दिवशी कोवळ्या शेंगेच्या देठाशी काळे ठिपके दिसतात. काही दिवसांत अख्खा शेंडा काळा! ‘मावा पडला’ म्हणतात ते एका अर्थी खरंच आहे. पहिली पंखवाली मादी वाऱ्यावर तरंगतच आलेली असते.

पुढचं काम तिच्या लेकी-नाती करतात. आपल्या उबदार हवेत माव्याला नर लागत नाही. मादी अंडी न घालता थेट पिलं देते, त्याही माद्याच. जन्मणाऱ्या पिलाच्या पोटात पुढच्या पिढीची वाढ आधीच सुरू असते, म्हणून आठवडा-दहा दिवसांत तीही विते. शेंड्यावर गर्दी झाली की पंखवाल्या मुली जन्मतात आणि शेजारची चवळी गाठतात.

मावा सुईसारखी सोंड झाडाच्या रसवाहिनीत खुपसतो. त्या रसात साखर भरपूर, पण शरीर वाढवणारी अमिनो आम्लं थोडी. ती पुरेशी मिळावीत म्हणून तो रस पीतच राहतो आणि जास्तीची साखर थेंबाथेंबानं बाहेर टाकतो. पानांवरचा चिकटा तो हाच. त्यावर काळी बुरशी चढते. गोडाच्या लोभानं मुंगळे येतात आणि माव्याची राखण करतात, त्याला खाणाऱ्या किड्यांना हुसकावतात. वेलावर मुंग्यांची रांग दिसली की आधी शेंडे तपासावेत.

मावा खाणारे हे किडे किती कामाचे, ते ऊस उत्पादकांना ठाऊक आहे. २००२ मध्ये पश्चिम महाराष्ट्रात उसावर लोकरी मावा पसरला. दाट, उंच उसात फवारणी करणं मुश्किलीचं. तिथे डिफा पतंगाची अळी आणि मायक्रोमस हे मित्रकीटक वाढवून फडांत सोडले गेले आणि मावा आटोक्यात आला.

परसबागेत हेच काम लेडीबर्ड भुंगेरा करतो. त्याचा लाल, ठिपकेदार भुंगा सगळे ओळखतात. त्याची काळसर, नारिंगी ठिपक्यांची, इवल्या मगरीसारखी अळी मात्र कीड समजून चिरडली जाते. ती एकटी शेकडो मावे फस्त करते. तपकिरी, फुगलेला, निश्चल मावा दिसला तर त्याच्या पोटात परोपजीवी गांधीलमाशीचं पिलू वाढलेलं असतं. जहाल औषध फवारलं की हे सगळे मरतात. मावा लवकर परततो, त्यांना मात्र वेळ लागतो.

मग करायचं काय? पावसाचं काम आपण हाती घ्यायचं. सकाळी नळीनं पानांच्या खालून जोरात पाणी मारावं, दर दोन-तीन दिवसांनी. खाली पडलेला बहुतेक मावा पुन्हा वर चढू शकत नाही. आकसलेल्या पानांत पाणी पोचत नाही, तो शेंडा खुडून साबणाच्या पाण्यात बुडवावा. तरीही आटोक्यात आला नाही तर ५० ग्रॅम निंबोळी पावडर १ लिटर पाण्यात रात्रभर भिजवून गाळावी, चिमूटभर साबणचुरा घालून दुसऱ्या दिवशी संध्याकाळी फवारावी. उन्हात तिचा गुण लवकर जातो. फवारा माव्याच्या अंगावर पडला तरच साबण काम करतो, म्हणून पानांची खालची बाजू चुकवू नये. युरियाचा हात आखडता ठेवावा. नत्र जास्त झालं की शेंडे लुसलुशीत होतात, रस सकस होतो आणि माव्याचंच फावतं. बांधाला कोथिंबीर, बडीशेप फुलू द्यावी, तिच्या परागावर मित्रकीटक तगतात.

आणि फवारणीआधी शेंड्यावर ती छोटी मगर आहे का, एवढं पाहा. असेल तर पंप खाली ठेवा.