सर्व्हर साडेपाच तास मागे नसतो

“सर्व्हर साडेपाच तास मागे चालतोय, वेळ पुढे घे.” पनवेलमधल्या छोट्या कार्यालयांत, तळोजा एमआयडीसीतल्या कारखान्यांच्या आयटी विभागात, क्लाउडवर पहिल्यांदाच मशीन भाड्याने घेणाऱ्या व्यापाऱ्याच्या फोनवर हे वाक्य इतक्या सहज बोललं जातं की त्यात काही चूक आहे, असं कुणाला वाटतच नाही. नवा सर्व्हर सुरू होतो. भिंतीवरच्या घड्याळात सकाळचे अकरा वाजलेले असतात आणि पडद्यावर साडेपाच. मग कुणीतरी कमांड देतं, पडद्यावरही अकरा वाजवतं आणि पुढच्या कामाला लागतं. दिसायला सगळं ठीक. प्रत्यक्षात त्या क्षणी व्यवस्थित चालणारं एक घड्याळ बिघडवलेलं असतं.

तो सर्व्हर मागे नव्हताच. तो जागतिक वेळ, म्हणजे यूटीसी, दाखवत होता. क्लाउडवरची बहुतेक लिनक्स मशीन सुरुवातीला तीच दाखवतात. भारतीय प्रमाणवेळ यूटीसीच्या साडेपाच तास पुढे असल्यामुळे यूटीसीत ५:३० वाजलेले असताना पनवेलमध्ये ११ वाजलेले असतात. क्षण एकच, त्याचं वाचन दोन प्रकारचं.

हे एकदा नीट समजून घेतलं तर पुढचे निम्मे घोटाळे टळतात. लिनक्स सर्व्हरच्या आत ‘सकाळचे अकरा’ असं काही साठवलेलं नसतं. तिथे असते एक मोजणी. १ जानेवारी १९७० रोजी यूटीसीनुसार मध्यरात्री बारा वाजल्यापासून किती सेकंद झाले, एवढीच. पनवेलच्या मशीनमध्ये, नागपूरच्या मशीनमध्ये आणि न्यू जर्सीच्या मशीनमध्ये या क्षणी हा आकडा सारखाच असायला हवा. टाइम झोन हा त्या आकड्याचं स्थानिक वेळेत रूपांतर करण्याचा नियम आहे. तो बदलला तर फक्त दिसणारी वेळ बदलते, आतला आकडा तसाच राहतो. एखाद्या अ‍ॅपमध्ये तारखेच्या जागी अचानक ‘१ जानेवारी १९७०, पहाटे ५:३०’ झळकलेलं अनेकांनी पाहिलं असेल. मोजणी शून्य असली की भारतीय वेळेत ती अशी दिसते.

आता टाइम झोन यूटीसीच ठेवून घड्याळ साडेपाच तास पुढे ढकललं, तर आतल्या मोजणीत १९,८०० सेकंद जास्तीचे जमा होतात. सर्व्हर शब्दशः भविष्यात जातो. दोष दाखवण्याच्या नियमात आणि उपाय घड्याळावर. आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी.

याचे परिणाम लगेच दिसतात असं नाही, आणि म्हणूनच ही चूक टिकून राहते. ऑथेंटिकेटर अ‍ॅपमधला सहा आकडी कोड वेळेवरून तयार होतो आणि सहसा दर तीस सेकंदांनी बदलतो. सर्व्हर साडेपाच तास पुढे असेल, तर बरोबर कोड टाकणाऱ्यालाही तो ‘चुकीचा कोड’ म्हणून परत पाठवतो. विंडोज डोमेनमध्ये ओळख पटवणारी केर्बेरॉस पद्धत दोन मशीनच्या घड्याळांत साधारण पाच मिनिटांपर्यंतचाच फरक सहन करते. अ‍ॅमेझॉनच्या एस-थ्री साठवणीकडे जाणाऱ्या विनंतीची वेळ पंधरा मिनिटांहून अधिक चुकलेली असेल, तर ती नाकारली जाते. म्हणजे रात्रीचा बॅकअप मुकाट्याने बंद पडतो आणि त्याचा पत्ता लागतो तो डेटा गेल्यावर.

सगळ्यात वाईट प्रकार घडतो घड्याळ पुन्हा दुरुस्त होताना. इंटरनेटवरून वेळ जुळवणारी एनटीपी सेवा एखाद्या रीस्टार्टनंतर जागी होते, घड्याळ चुकल्याचं तिच्या लक्षात येतं आणि ती ते साडेपाच तास मागे आणते. दुपारी चारच्या बिलामागून सकाळी साडेदहाचं बिल नोंदवलं जातं. कोणता माल आधी गेला, पैसे आधी आले की नंतर, कुणी लॉगिन केल्यावर फाइल पुसली गेली, यातल्या एकाही प्रश्नाचं उत्तर मग त्या नोंदींवरून खात्रीने देता येत नाही.

काही प्रोग्रामर यावरही तोड काढतात. अ‍ॅप स्वतःहून भारतीय वेळ दाखवायला लागलं की आधीच पुढे ढकललेल्या घड्याळात आणखी साडेपाच तास मिळवले जातात. ते पाहून कुणीतरी कोडमध्ये १९,८०० सेकंद वजा करतं. वर्षभराने तिसरा माणूस सर्व्हर नीट करतो आणि सगळे अहवाल उलट्या दिशेने चुकायला लागतात. या मलमपट्ट्या उकलण्यात जाणारा वेळ पाहिला की चीड येते, कारण मूळ दुरुस्ती एका ओळीची असते. टाइमडेटसीटीएल ही कमांड वापरून टाइम झोन ‘एशिया/कोलकाता’ करायचा, एनटीपी चालू ठेवायचं आणि घड्याळाला हात लावायचा नाही.

दुसरा गैरसमज याचाच भाऊबंद. “आमचा सर्व्हर पनवेलच्याच डेटा सेंटरमध्ये आहे, मग तो भारतीय वेळच दाखवणार ना?” पनवेलमध्ये २०२० साली सुरू झालेलं योट्टाचं एनएम-१ हे मोठं डेटा सेंटर आहे, आणि नवी मुंबईचा सगळा पट्टाच आता अशा केंद्रांसाठी ओळखला जातो. पण आपण कोणत्या गावात उभे आहोत, हे सर्व्हरला कळत नाही. झोन कुणीतरी सांगावा लागतो. पनवेलचा सर्व्हर यूटीसीवर आणि अमेरिकेतला सर्व्हर भारतीय वेळेवर, दोन्ही बिनतक्रार चालतात.

एकाच ठिकाणी दोन वेळा सुखाने नांदू शकतात, याचा पुरावा पनवेल तालुक्यातच आहे. डिसेंबर २०२५ मध्ये विमानसेवा सुरू झालेल्या नवी मुंबई विमानतळावरून सुटणाऱ्या प्रवाशाच्या तिकिटावर भारतीय वेळ असते, पण वैमानिकाच्या उड्डाण आराखड्यात आणि हवामान अहवालात जगभरच्या विमानतळांप्रमाणे यूटीसी. पावसाचंही तसंच. ‘गेल्या चोवीस तासांत इतके मिलिमीटर’ हा पावसाळ्यात रोज वाचला जाणारा आकडा हवामान खातं सकाळी साडेआठ ते साडेआठ असा मोजतं. साडेआठच का? तेव्हा यूटीसीनुसार बरोबर तीन वाजलेले असतात.

मग सर्व्हर यूटीसीवर ठेवायचा की भारतीय वेळेवर? इथे हटवाद नको. घड्याळ बरोबर असेल तर दोन्ही चालतं. नोंदी आणि लॉग यूटीसीत साठवावेत, माणसाला दाखवताना भारतीय वेळ दाखवावी, हा जगभर रुळलेला आणि चांगला रिवाज आहे. परदेशी ग्राहकांचं काम असेल तर तो पाळावाच. अमेरिकेत मार्च आणि नोव्हेंबरमध्ये घड्याळं तासाने सरकतात. न्यूयॉर्कमधले सकाळचे नऊ म्हणजे उन्हाळ्यात आपले संध्याकाळचे साडेसहा आणि हिवाळ्यात साडेसात. नोव्हेंबरच्या त्या रविवारी तिथे पहाटेचा एक तास दोनदा येतो, आणि स्थानिक वेळेत ठेवलेल्या नोंदींची तिथे गल्लत होते.

मात्र यूटीसीवरच्या सर्व्हरने ‘आज’ कुठे संपवायचा, हे नीट ठरवावं लागतं. रात्री बाराला लावलेला हिशेबाचा जॉब अशा सर्व्हरवर भारतीय वेळेनुसार पहाटे साडेपाचला चालतो. समजा, १ एप्रिलला पहाटे दोन वाजता बिल झालं. यूटीसीत तेव्हा ३१ मार्चचे रात्रीचे साडेआठ असतात. तारीख काढताना झोन विसरला, तर बिल सरळ मागच्या आर्थिक वर्षात जातं. जन्मतारखेची जुनी तक्रारही हीच. अर्जात १५ ऑगस्ट भरलं आणि छापून आलं १४ ऑगस्ट, कारण भारतात मध्यरात्र असते तेव्हा यूटीसीत आदल्या दिवशीचे संध्याकाळचे साडेसहा वाजलेले असतात. डेटाबेसमध्ये जन्मतारखेपुढे १८:३० दिसलं, तर हाच घोळ झाला आहे असं समजावं. जन्मतारीख निव्वळ तारीख म्हणूनच साठवावी, तिला वेळ जोडूच नये.

“पण सरकारनेच सर्व्हर भारतीय वेळेवर ठेवण्याची सक्ती केली आहे,” असंही ठामपणे सांगितलं जातं. ज्या निर्देशांचा हा हवाला असतो ते ‘सर्ट-इन’ या केंद्राच्या सायबर सुरक्षा संस्थेने माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ७०बी खाली २८ एप्रिल २०२२ रोजी काढले. त्यात सेवा पुरवठादार, डेटा सेंटर, कंपन्या आणि सरकारी संस्था यांनी आपल्या यंत्रणांची घड्याळं राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राच्या किंवा राष्ट्रीय भौतिकी प्रयोगशाळेच्या एनटीपी सर्व्हरशी, अथवा त्यांच्याशी दुवा असलेल्या सर्व्हरशी जुळवावीत, असं म्हटलं आहे. अनेक देशांत यंत्रणा असणाऱ्यांना दुसरा अचूक स्रोत चालतो, फक्त त्याची वेळ या दोन संस्थांच्या वेळेपासून ढळता कामा नये. हा नियम घड्याळ जुळवण्याचा आहे, झोन निवडण्याचा नाही. शिवाय एनटीपीतून येते ती यूटीसीच, झोनची माहिती त्यात नसतेच. त्याच निर्देशांत लॉग १८० दिवस जपून ठेवायला सांगितलं आहे. त्या लॉगमधली वेळ चुकीची असेल तर ते जपून उपयोग काय?

यादीत ‘एशिया/मुंबई’ शोधून न सापडल्याने खट्टू होणारेही भेटतात. झोनचं नाव त्या पट्ट्यातल्या एखाद्या मोठ्या शहरावरून ठेवायची पद्धत आहे आणि नावं ठरली तेव्हा मान कलकत्त्याला मिळाला. वेळेत काडीचा फरक नाही. मुंबईला स्वतःची वेळ होती, हे मात्र खरं. भारतीय प्रमाणवेळ १ जानेवारी १९०६ पासून लागू झाली तेव्हा मुंबईत तिला कडवा विरोध झाला, आणि तिच्याहून एकोणचाळीस मिनिटं मागे असलेली ‘बॉम्बे टाइम’ शहरात पुढे कित्येक दशकं टिकली. रेल्वे एका वेळेवर आणि महापालिकेची घड्याळं दुसऱ्या वेळेवर. त्या काळातल्या नोंदीत नुसतं ‘दहा वाजता’ लिहिलेलं असेल, तर कोणते दहा, हा प्रश्न उरतोच. लॉगमध्ये वेळेपुढे झोन न लिहिणारे आजही तोच प्रश्न मागे ठेवतात.

“भारतात घड्याळं कधी सरकलीच नाहीत,” हेही खरं नाही. दुसऱ्या महायुद्धात सप्टेंबर १९४२ ते ऑक्टोबर १९४५ या काळात देशाची वेळ एक तास पुढे, म्हणजे यूटीसीच्या साडेसहा तास पुढे होती. ‘एशिया/कोलकाता’च्या नोंदीत तो इतिहास आहे. हाताने साडेपाच तास मिळवणाऱ्या कोडमध्ये तो नसतो.

‘आयएसटी’ लिहिलं की पुरे, असंही नाही, कारण आयर्लंड आणि इस्रायलसुद्धा हीच अक्षरं वापरतात. लॉगमध्ये ‘+०५:३०’ लिहावं.

महागड्या सर्व्हरचं घड्याळ आपोआप अचूक राहतं, हा भाबडेपणा झाला. साध्या क्वार्ट्‌झ स्फटिकात दहा लाखांत वीस भागांचा फरक असला, तरी दिवसाला पावणेदोन सेकंद आणि महिन्याला जवळपास मिनिट चुकतं.

विंडोज आणि लिनक्स एकाच मशीनवर असताना वेळ साडेपाच तासांनी उड्या मारते, तेव्हा दोष बॅटरीचा नसतो. मदरबोर्डवरच्या घड्याळातली वेळ विंडोज स्थानिक समजतं आणि लिनक्स सहसा यूटीसी.

पनवेलमधल्या कार्यालयांत सर्व्हर सांभाळणाऱ्यांनी आज एवढं करावं. टाइमडेटसीटीएल चालवून चार ओळी वाचाव्यात. यूटीसीची वेळ खरोखर जगाच्या यूटीसीशी जुळते का, झोन कोणता आहे, घड्याळ जुळवलेलं आहे यापुढे ‘येस’ आहे का, आणि हार्डवेअर घड्याळ स्थानिक वेळेत आहे यापुढे ‘नो’ आहे का. यूटीसीची वेळ साडेपाच तास पुढे दिसली, तर ते घड्याळ पूर्वी कुणीतरी हाताने ढकललेलं आहे. दुरुस्त करण्याआधी बॅकअप घ्या, बिलिंग बंद ठेवा, आणि ते केव्हापासून चुकत होतं याची तारीख लिहून ठेवा.