अर्नाळा बेटावरील एक दिवस : खाऱ्या समुद्रातील गोडी विहीर

अजिंठ्याच्या डोंगररांगेच्या पायथ्याशी वसलेले रोहिणखेड हे बुलढाणा जिल्ह्यातील आमचे गाव. रेल्वेमार्गाने मुंबई येथून सुमारे ५०० किलोमीटर दूर. आमच्याकडे समुद्र पोहोचतो तो आठवडी बाजारातील मिठाच्या व सुक्या बोंबलांच्या रूपाने. आमच्यापैकी अनेकांनी समुद्र पाहिलेलाच नव्हता. म्हणून गेल्या माघ महिन्यात आम्ही काही कुटुंबांनी एका दिवसाच्या सहलीसाठी पालघर जिल्ह्यातील अर्नाळा बेट निवडले. तेथे जे पाहिले व समजून घेतले, ते वाचकांपुढे ठेवीत आहोत.

प्रवास

मलकापूर स्थानकावरून रात्रीच्या गाडीने निघून आम्ही पहाटे दादरला उतरलो आणि पश्चिम रेल्वेच्या लोकलने विरारला पोहोचलो. विरारच्या पश्चिमेकडून अर्नाळ्याला बस व रिक्षा जातात; अंतर सुमारे दहा किलोमीटर. आगाशी, नंदाखाल या परिसरातील केळीच्या व भाजीच्या वाड्या आणि जुनी चर्चमंदिरे पाहून कोरडवाहू मुलुखातून आलेल्या आमचे डोळे निवले. अर्नाळ्याच्या किनाऱ्यावर उभे राहिले की समोरच, वैतरणा नदीच्या मुखाशी, बेट व त्यावरील किल्ल्याची तटबंदी दिसते. होडीने पलीकडे जाण्यास दहाएक मिनिटे पुरतात.

भरती-ओहोटीचे गणित

जपानमध्ये कामाकुराजवळच्या एनोशिमा या लहानशा बेटावर पुलावरून चालत जाता येते, त्यामुळे तेथील प्रवाशाला भरतीची फारशी चिंता नसते. होडीने ओलांडायच्या खाडीमुखाची गोष्ट वेगळी. येथे घड्याळाआधी पंचांग पाहावे लागते.

समुद्राला दिवसातून साधारण दोनदा भरती व दोनदा ओहोटी येते. एका भरतीपासून दुसऱ्या भरतीपर्यंत सुमारे १२ तास २५ मिनिटे जातात. त्यामुळे भरतीची वेळ रोज सुमारे पाऊण तासाने पुढे सरकते. यावरून कोकण किनाऱ्यावर एक सोपा हिशेब रूढ झाला आहे. शुद्ध असो वा वद्य, त्या दिवशीच्या तिथीची पाऊणपट करावी. जो आकडा येईल, त्या सुमारास पूर्ण भरती असते. आम्ही गेलो ती दशमी होती. दहाची पाऊणपट साडेसात. म्हणजे सकाळी साडेसात-आठच्या सुमारास भरती, दुपारी दीड-दोनला ओहोटी आणि संध्याकाळी आठच्या सुमारास पुन्हा भरती. हा हिशेब ढोबळ आहे. नेमकी वेळ भरतीच्या छापील कोष्टकात पाहावी व नाखव्याला विचारावी. पौर्णिमा व अमावास्येच्या सुमारास उधाणाची भरती असते, पाणी फार चढते व फार उतरते. अष्टमीच्या सुमारास भांगाची भरती येते, ती सौम्य असते. लहान मुले व वृद्ध सोबत असतील तर असेच दिवस निवडणे बरे.

किल्ला

पोर्तुगीज या बेटाला आपल्या भाषेत 'गाईंचे बेट' म्हणत. १५३४ साली वसई त्यांच्याकडे आल्यानंतर हा टापूही त्यांच्या सत्तेखाली गेला. १७३७ साली मराठ्यांनी बेट जिंकले आणि बाजीराव पेशव्यांच्या आज्ञेने किल्ला नव्याने बांधला. उत्तरेकडील महाद्वारावर हत्ती व वाघ कोरलेले आहेत आणि वर देवनागरी शिलालेख आहे. १७८१ साली इंग्रजांनी किल्ला घेतला, १७८२ च्या सालबाईच्या तहानंतर तो मराठ्यांना परत मिळाला आणि १८१७ साली कायमचा इंग्रजांकडे गेला. आज तो भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या संरक्षणाखाली आहे. १८ जून २०२५ रोजी विशाखापट्टणम येथे नौदलात दाखल झालेल्या पाणबुडीविरोधी युद्धनौकेला याच किल्ल्यावरून 'अर्नाळा' हे नाव देण्यात आले.

शिलालेखापुढे आम्ही बराच वेळ उभे होतो. आमच्या रोहिणखेडलाही १५८२ साली खुदावंत खानाने बांधलेली मशीद आहे आणि १४३७ व १५९१ साली झालेल्या लढायांमुळे गावाचे नाव इतिहासात आले आहे. आपल्या गावचे दगड लहानपणापासून पाहिलेल्या माणसाला परक्या गावचे दगड फारसे परके वाटत नाहीत.

गोड्या पाण्याचे कोडे

आम्हाला खरे आश्चर्य वाटले ते तटबंदीच्या आत गेल्यावर. तेथे त्र्यंबकेश्वराचे मंदिर आहे, त्याजवळ अष्टकोनी बांधीव तळे आहे आणि गोड्या पाण्याच्या विहिरी आहेत. त्या पाण्यावर बेटावरील लोक आतल्या जमिनीत भाजीपाला पिकवतात. चहूबाजूंनी खारा समुद्र आणि मध्ये गोडी विहीर! आमच्याबरोबरच्या मंडळींना हे खरे वाटेना, कारण आपल्या जिल्ह्याचा अनुभव नेमका उलटा आहे. समुद्रापासून इतक्या दूर असूनही पूर्णा नदीच्या खोऱ्यात, शेगाव, संग्रामपूर, जळगाव जामोद या बाजूला खारपाणपट्टा आहे. तेथे जुन्या गाळाच्या थरांत क्षार साचून राहिले आहेत, पाण्याचा निचरा कमी होतो आणि अनेक विहिरींचे पाणी तोंडात धरवत नाही.

बेटावरील विहिरीचे उत्तर असे आहे. पावसाचे पाणी वाळूतून व खडकांच्या फटींतून खाली झिरपते. समुद्राचे पाणी क्षारांमुळे गोड्या पाण्यापेक्षा सुमारे अडीच टक्क्यांनी जड असते. त्यामुळे झिरपलेले गोडे पाणी खाऱ्या पाण्यात सहजी मिसळत नाही, ते त्यावर तरंगत राहते. जमिनीखालील या साठ्याचा आकार मसुरीच्या दाण्यासारखा, मध्यभागी जाड व कडांना पातळ असतो. म्हणून विहीर बेटाच्या मध्यावर गोडी लागते आणि किनाऱ्यालगत खारी.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस व विसाव्या शतकाच्या आरंभी नेदरलँड्स व जर्मनीतील अभियंत्यांनी याचे प्रमाण काढले. समुद्रसपाटीच्या वर गोडे पाणी एक फूट असेल तर खाली ते सुमारे चाळीस फूट असते. प्रत्यक्षात जमिनीच्या रचनेनुसार यात फरक पडतो. परंतु या हिशेबाची दुसरी बाजू गंभीर आहे. उपशामुळे वरची पातळी एक फूट खाली गेली, तर खालचे खारे पाणी हळूहळू चाळीस फूट वर चढू शकते. एकदा खारी झालेली विहीर पुन्हा गोडी होण्यास अनेक पावसाळे लागतात.

झिजणारे बेट

या बेटावर प्रामुख्याने मच्छीमार कुटुंबे राहतात. पावसाळ्यात उधाणाच्या लाटा किनारा कापून नेतात आणि काठावरच्या घरांना धोका होतो. नदीने आणलेली वाळू किनाऱ्याची झीज भरून काढीत असते. खाडीतील वाळू उपसली गेली की ही भरपाई कमी होते. समुद्राची पातळीही जगभर वाढत आहे. बेट जितके आक्रसेल, तितका त्याच्या पोटातील गोड्या पाण्याचा साठाही आक्रसेल. म्हणजे किनाऱ्यावरची वाळू आणि मध्यावरची विहीर यांचा थेट संबंध आहे. घर वाचवणे व पाणी वाचवणे ही तेथे दोन निराळी कामे नाहीत.

जाणाऱ्यांसाठी काही सूचना

ऑक्टोबर ते फेब्रुवारी हा काळ उत्तम. पावसाळ्यात जाऊ नये. शेवटच्या होडीची वेळ उतरल्या उतरल्या विचारून घ्यावी. पिण्याचे पाणी घरून न्यावे, बेटावरच्या विहिरीवर आपला भार टाकू नये. प्लास्टिक व खरकटे सोबत परत आणावे. बांबूच्या मांडवावर वाळत घातलेल्या मासळीला हात लावू नये. ते कोणाचे तरी वर्षाचे उत्पन्न असते. माणसांची छायाचित्रे विचारूनच काढावीत. बेट हे प्रेक्षणीय स्थळ खरे, पण त्याआधी ते कोणाचे तरी घर आहे.

संध्याकाळी चढत्या पाण्यावर होडी परतली तेव्हा मुले शंख-शिंपले मोजत होती आणि मोठी माणसे विहिरींविषयी बोलत होती. आमच्या गावीही दरवर्षी पाण्याची पातळी खाली जाते आणि आम्ही बोअर आणखी खोल नेतो. खाली खारे पाणी नाही, एवढाच आमचा दिलासा. बेटावरच्या माणसाला तोही नाही. पावसाने दिले तेवढेच आपले, हे त्याला रोजच्या घागरीतून कळते. आम्हाला ते कळायला एका दिवसाची सहल करावी लागली. घरी परतल्यावर पहिल्या रविवारी आम्ही गावातील जुन्या विहिरीचा गाळ काढण्यासाठी एकत्र जमलो. सहलीची आठवण म्हणून एवढे तरी आपल्या हातून घडावे, असे सर्वांनाच वाटले.