जुन्या मोटारगाडीची कागदपत्रे : सेवापत्रक आणि रिकॉल

मोटारगाडी ग्राहकाच्या हाती गेली म्हणजे निर्मात्याचा तिच्याशी असलेला संबंध संपतो, असे नाही. गाडी रस्त्यावर धावू लागल्यावर तिच्यात जे दोष प्रकट होतात त्यांची वार्ता विक्रेत्यांच्या वर्कशॉपमधून कारखान्याकडे पोहोचत असते. आणि तिचा विचार होऊन कारखान्यातून दोन भिन्न स्वरूपाचे कागद बाहेर पडतात. एक टेक्निकल सर्व्हिस बुलेटिन, म्हणजे सेवापत्रक. दुसरा रिकॉल, म्हणजे सुरक्षिततेसाठी गाडी दुरुस्तीस परत बोलाविण्याची सूचना. जुन्या गाडीचा मालक पुष्कळदा या दोहोंना एकच समजतो. अमेरिकेत हे दोन्ही कागद लोकांना पाहता येत असल्यामुळे त्यांच्यातील भेद तेथील व्यवहारावरून उत्तम समजतो.

सेवापत्रक हे मालकासाठी लिहिलेले नसते. ते मेकॅनिकला उद्देशून असते. कोणत्या मॉडेलला व कोणत्या सालच्या गाड्यांना ते लागू आहे, तक्रारीचे लक्षण काय, कारण काय, दुरुस्ती कशी करावयाची, कोणते सुटे भाग लागतील आणि किती तासांचे काम धरावयाचे, एवढी माहिती त्यात बहुधा असते. त्यातील सर्वांत महत्त्वाची अट मात्र सहज नजरेतून निसटते : ते लक्षण प्रत्यक्ष आढळले तरच ही दुरुस्ती करावयाची असते. खर्चाचा भार निर्माता उचलतो तो सामान्यतः वॉरंटीची मुदत असेपर्यंतच. वॉरंटी संपलेल्या गाडीच्या मालकाला सेवापत्रक ज्ञान देते, हक्क देत नाही. तथापि हे ज्ञान कमी मोलाचे नव्हे. अज्ञात आवाजासाठी एकामागून एक भाग बदलीत बसणाऱ्या मेकॅनिकचे काम एखादे पानभर पत्रक वाचवू शकते, आणि कामाच्या तासांचा आकडा बिल पडताळून पाहण्यास उपयोगी पडतो.

रिकॉलचे अधिष्ठान वेगळे, कायद्याचे आहे. १९६६ च्या राष्ट्रीय वाहतूक व मोटारवाहन सुरक्षितता कायद्यान्वये सुरक्षिततेला बाधक असा दोष मालकांस कळविणे निर्मात्यावर बंधनकारक झाले, आणि १९७४ च्या दुरुस्तीने तो दोष विनामूल्य दूर करण्याचे बंधनही आले. विनामूल्य दुरुस्तीच्या या हक्काला गाडीच्या वयाची मर्यादा आहे. ती २०१५ साली १० वर्षांवरून १५ वर्षांवर नेण्यात आली. वॉरंटीशी किंवा गाडी कितव्या मालकाकडे आहे याच्याशी त्याचा संबंध नाही. म्हणून गाडीविषयी शोध घेताना दोन वाटांनी जावे लागते. सेवापत्रके मॉडेल व साल यांवरून शोधावयाची. रिकॉल मात्र त्या विशिष्ट गाडीच्या १७ अक्षर-अंकी चॅसिस नंबरावरून, कारण एकाच मॉडेलच्या दोन गाड्यांपैकी एकीची दुरुस्ती होऊन गेलेली असू शकते व दुसरीची राहिलेली.

या दोहोंमधील रेषा चुकीच्या ठिकाणी ओढली गेली म्हणजे काय घडते, ते जनरल मोटर्सच्या शेव्हरोले कोबाल्ट व तत्सम गाड्यांच्या बाबतीत दिसून आले. त्यांच्या इग्निशन स्विचमध्ये किल्लीला जागेवर धरून ठेवणारा जोर ठरलेल्या मापापेक्षा कमी होता. जड जुडग्याच्या ओढीने किंवा गुडघ्याच्या धक्क्याने किल्ली फिरे, धावत्या गाडीचे इंजिन बंद पडे आणि अपघाताच्या क्षणी एअरबॅग उघडत नसत. डिसेंबर २००५ मध्ये कंपनीने यावर काढले ते सेवापत्रक. जुडग्यातील अनावश्यक वस्तू काढून टाकण्यास मालकाला सांगावे आणि तक्रार करणाऱ्याच्या किल्लीत एक लहानसा तुकडा बसवावा, असा त्याचा आशय. तो तुकडा ५०० हून कमी ग्राहकांना मिळाला. इंजिन बंद पडणे हा कंपनीच्या लेखी ग्राहकाच्या सोयीचा प्रश्न होता, सुरक्षिततेचा नव्हता. सारा अनर्थ या वर्गीकरणात आहे. रिकॉल निघाला तो फेब्रुवारी २०१४ मध्ये. पुढे कंपनीनेच स्थापिलेल्या भरपाई निधीने १२४ मृत्यूंचे दावे मान्य केले.

याच प्रकरणातील दुसरी गोष्ट जुन्या गाड्यांच्या दृष्टीने अधिक बोधक आहे. २००६ साली स्विचची रचना सुधारण्यात आली, परंतु सुट्या भागाचा क्रमांक बदलला नाही. त्यामुळे सदोष व निर्दोष स्विच कागदावर एकरूप झाले. मूळचा चांगला स्विच असलेल्या नंतरच्या गाड्यांतही दुरुस्तीच्या वेळी जुना सदोष स्विच बसला असण्याचा संभव निर्माण झाला, आणि मार्च २०१४ मध्ये २००८ ते २०११ सालच्या गाड्याही परत बोलावाव्या लागल्या.

काही दोष तर वयाबरोबरच वाढतात. टाकाटा कंपनीच्या एअरबॅगमधील अमोनियम नायट्रेट उष्ण व दमट हवेत वर्षानुवर्षे राहिल्याने बिघडते. मग स्फोट प्रमाणाबाहेर होऊन धातूच्या कवचाचे तुकडे प्रवाशावर उडतात. काही २००१ ते २००३ सालच्या होंडा व अक्युरा गाड्यांत अशा स्फोटाचा संभव अपघातप्रसंगी ५० टक्क्यांपर्यंत असल्याचे अमेरिकन सुरक्षितता प्रशासनाने २०१६ मध्ये जाहीर केले. नव्या गाडीपेक्षा जुनी गाडी येथे अधिक घातक, आणि तिचा मालक बहुधा दुसरा वा तिसरा. कंपनीचे पत्र पूर्वीच्याच पत्त्यावर जाऊन पडण्याचा संभव त्यामुळे मोठा.

भारतात वाहन परत बोलाविण्याचे बंधन मोटारवाहन कायद्यातील २०१९ च्या दुरुस्तीने आले व त्याचे नियम १ एप्रिल २०२१ पासून अमलात आले. ते सात वर्षांपर्यंतच्या वाहनांपुरते आहेत. तत्पूर्वी २०१२ पासून कारखानदारांची स्वेच्छेची संहिता होती, आणि तिच्या काळातच होंडाने २०१७ साली २०१२ मध्ये बनविलेल्या सिटी, जाझ, सिव्हिक व अकॉर्ड गाड्या टाकाटाच्या एअरबॅग बदलण्यासाठी परत बोलाविल्या. किनाऱ्यावरील दमट हवेत दहा-बारा वर्षे काढलेली गाडी मात्र आजही सक्तीच्या बाहेरच राहते. तिच्या बाबतीत निर्मात्याच्या स्वेच्छेवर आणि मालकाने स्वतः केलेल्या चौकशीवर सारे अवलंबून असते.